भाडे कोण ठरवतो?

ॲपवरून टॅक्सी पुरवणाऱ्या कंपन्या आपल्या चालकांना 'पार्टनर' म्हणतात. करारनाम्यात पार्टनर, जाहिरातीत पार्टनर, आणि आयडी बंद केल्याचा संदेश पाठवतानाही संबोधन पार्टनरच. पार्टनर म्हणजे भागीदार, आणि भागीदार कोणाला म्हणावे हे आपल्याकडे भारतीय भागीदारी अधिनियम, १९३२ ने ठरवून दिलेले आहे. नफ्यात वाटा, एकमेकांच्या वतीने व्यवहार करण्याचा अधिकार, आणि फर्मच्या हिशेबाच्या वह्या पाहण्याचा व त्यांची नक्कल घेण्याचा हक्क, ही त्याची लक्षणे. यांपैकी एकही टॅक्सीचालकाच्या वाट्याला येत नाही. वह्या पाहणे तर दूरच, मागच्या आसनावरच्या प्रवाशाने कंपनीला नेमके किती पैसे मोजले हेदेखील त्याला पुष्कळदा त्या प्रवाशालाच विचारावे लागते. तो भागीदार नाही हे कंपनीला ठाऊक आहे, चालकाला ठाऊक आहे आणि प्रवासी म्हणून आपल्यालाही ठाऊक आहे. मग तो कोण?

हा शब्दच्छल नव्हे. किमान वेतन, कामाचे तास, भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, कामावर असताना अपघात झाल्यास भरपाई, संघटना बांधून मालकाशी सौदा करण्याचा हक्क, हे सारे एकाच दारातून आत येते, आणि त्या दारावर 'कर्मचारी' अशी पाटी आहे. माझ्या कार्यालयातील एखाद्या कनिष्ठ लिपिकाला सेवेतून काढायचे म्हटले तर संविधानाचे कलम ३११ आडवे येते. दोषारोपपत्र, चौकशी अधिकारी, साक्षीपुरावे, अपील, आणि तोवर वर्षे उलटतात. (ती इतकी उलटू नयेत हे माझे मत, पण तो वेगळ्या लेखाचा विषय.) टॅक्सीचालकाचा आयडी मात्र रात्री साडेअकरा वाजता बंद होतो. कोणी केला, कोणत्या तक्रारीवरून केला, तक्रार खरी की खोटी, हे विचारण्यासाठी एक दूरध्वनी क्रमांक असतो आणि तो बहुधा लागत नाही. सकाळी मोटारीचा हप्ता मात्र ठरल्या तारखेलाच खात्यातून वळता होतो.

२१ नोव्हेंबर २०२५ रोजी चारही कामगार संहिता अंमलात आल्या. त्यांपैकी सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये 'गिग कामगार' आणि 'प्लॅटफॉर्म कामगार' हे शब्द देशाच्या केंद्रीय कायद्यात प्रथमच आले, आणि याचे स्वागत केलेच पाहिजे. जो वर्ग कायद्याच्या पुस्तकात नव्हताच तो निदान व्याख्येपुरता तरी दिसू लागला. निती आयोगाने जून २०२२ च्या अहवालात अशा कामगारांची संख्या २०२०-२१ मध्ये ७७ लाख असल्याचा अंदाज दिला होता, आणि २०२९-३० पर्यंत ती २ कोटी ३५ लाख होईल असे म्हटले होते. टॅक्सीचालक हा त्यातला एक भाग, पण सर्वांच्या परिचयाचा.

परंतु ती व्याख्या बारकाईने वाचावी. गिग कामगार म्हणजे कोण, तर पारंपरिक मालक-कर्मचारी संबंधाच्या बाहेर राहून जो काम करतो व त्यातून कमावतो तो. प्लॅटफॉर्मवरचे काम कोणते, तर पुन्हा, पारंपरिक मालक-कर्मचारी संबंधाच्या बाहेरचे. म्हणजे जो प्रश्न सोडवायचा होता तोच व्याख्येत उत्तर म्हणून लिहिला गेला. हा संबंध मालक-कर्मचाऱ्याचा आहे की नाही, हेच तर तपासायचे होते. 'पारंपरिक' म्हणजे काय हे संहितेत कोठेही सांगितलेले नाही. मग ते सांगणार कोण? ज्याने करारनामा लिहिला तो. करारनामा कंपनीच्या वकिलाने लिहिलेला, कित्येक पानांचा, बहुधा इंग्रजीत, आणि चालकाने मोबाइलच्या पडद्यावर 'सहमत' हे बटण दाबून स्वीकारलेला. बटण न दाबता त्या दिवशी गाडी सुरू करता येत नाही.

सरकारी सेवेत तीसेक वर्षे काढल्यानंतर एक गोष्ट अंगवळणी पडते. एखाद्या विषयावर एका विभागाची टिप्पणी वाचून मत बनवू नये, इतर विभागांच्या नस्त्या मागवून पाहाव्यात. या विषयात मी तेच केले, अर्थात सर्वांना उपलब्ध असलेल्या कागदांवरून, आणि जे दिसले ते असे.

पहिली नस्ती कराची. केंद्रीय वस्तू व सेवा कर अधिनियम, २०१७ च्या कलम ९(५) नुसार काही सेवांवरचा कर त्या सेवा देणाऱ्याने नव्हे तर इलेक्ट्रॉनिक व्यापार चालवणाऱ्या कंपनीने भरायचा असतो, आणि त्यासाठी जणू तीच कंपनी पुरवठादार आहे असे मानायचे असते. टॅक्सीची प्रवासी वाहतूक जीएसटीच्या पहिल्या दिवसापासून या यादीत आहे. असे का केले, याचे कारण सरळ आहे. लाखो चालकांच्या मागे कर अधिकारी कोठे धावणार? पैसा ज्याच्या हातातून जातो त्याला पकडावे. प्रशासकीय दृष्ट्या निर्णय अगदी योग्य. पण त्याचा अर्थ काय होतो? महसूल गोळा करायचा असेल तेव्हा शासन म्हणते, टॅक्सीची सेवा कंपनीच पुरवते असे आम्ही मानतो.

दुसरी नस्ती स्पर्धा आयोगाची. चालक जर खरोखरच स्वतंत्र व्यापारी असतील, तर एकाच शहरातले हजारो स्वतंत्र व्यापारी एकाच क्षणी एकच दर आकारतात हा संगनमताचा प्रकार नव्हे काय, अशी तक्रार आयोगापुढे आली होती. प्रश्न विलक्षण चतुर होता. ६ नोव्हेंबर २०१८ रोजी आयोगाने ती प्राथमिक टप्प्यावरच बंद केली. कारण असे की, चालकांनी आपसांत काही ठरवल्याचे दिसत नाही. दर कंपनीच्या संगणकीय सूत्राने ठरतो आणि चालक तो स्वीकारतात. डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आयोगाचा निष्कर्ष कायम ठेवला. म्हणजे बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या यंत्रणेचे म्हणणे असे, की भाडे चालक ठरवत नाही, कंपनी ठरवते.

तिसरी नस्ती परिवहनाची. मोटार वाहन अधिनियमात २०१९ साली दुरुस्ती होऊन 'ॲग्रीगेटर' हा शब्द आला, आणि त्याचा अर्थ दिला गेला तो प्रवासी व चालक यांची गाठ घालून देणारा डिजिटल मध्यस्थ, किंवा बाजारपेठ, असा. केंद्राने २०२० मध्ये आणि पुन्हा जुलै २०२५ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांत काय आहे? गाडी चालकाची स्वतःची असेल तर भाड्याचा किमान ८० टक्के भाग त्याला मिळावा, कंपनीने त्याचा किमान ५ लाखांचा आरोग्य विमा व १० लाखांचा मुदत विमा काढावा, त्याला प्रशिक्षण द्यावे. एवढे सारे मध्यस्थाकडून? घरे दाखवणारा दलाल घरमालकाचा विमा काढतो असे कोणी ऐकले आहे काय? व्याख्येत मध्यस्थ म्हणायचे आणि कर्तव्ये मात्र मालकाची लादायची, ही कसरत मसुदा करणाऱ्याच्या मनातील प्रामाणिक शंका दाखवते असे मला वाटते.

आणि चौथी नस्ती श्रमाची, जिच्यात लिहिले आहे की हा संबंध मालक-कर्मचाऱ्याच्या बाहेरचा. एकच कंपनी, एकच चालक, एकच फेरी. कराच्या खिडकीवर कंपनी पुरवठादार, स्पर्धा आयोगापुढे दर ठरवणारी, परिवहन कार्यालयात विमा काढणारी मध्यस्थ, आणि कामगार आयुक्तांच्या दारात कोणीच नाही.

कंपन्यांचे मुख्य म्हणणे स्वातंत्र्याचे असते. चालकाला वाटेल तेव्हा ॲप सुरू करावे, वाटेल तेव्हा बंद करावे, दोन-दोन कंपन्यांची ॲप ठेवावीत; नोकराला असे करता येते काय? हा युक्तिवाद नव्या युगाचा म्हणून मांडला जातो. तो मुळीच नवा नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने तो प्रथम ऐकला १९५६ साली, तोही कच्छच्या रणाच्या काठावरून.

ध्रांगध्रा केमिकल वर्क्स ही कंपनी सौराष्ट्रात मिठागरे चालवत असे. तेथे मीठ पिकवणारे ते अगरिया. कंपनी प्रत्येक अगरियाला जमिनीचा एक पट्टा नेमून देई आणि सुरुवातीच्या खर्चासाठी उचल देई. ऑक्टोबर ते जून अगरिया आपल्या कुटुंबासह त्या पट्ट्यावर राबे. कामाचे तास ठरलेले नव्हते, हजेरीपट नव्हता, हाताखाली माणसे लावण्याची मुभा होती आणि त्यांची मजुरी अगरियानेच द्यायची होती. पावसाळ्यात तो गावी जाऊन शेती करी. तयार मीठ कंपनीच्या पसंतीस उतरले तर मणामागे साडेपाच आणे, न उतरले तर नाकारले जाई. कंपनीचे म्हणणे, हे स्वतंत्र ठेकेदार आहेत. न्यायालयाने औद्योगिक न्यायाधिकरणाचा निष्कर्ष उचलून धरला: हे कामगारच. कारण ते स्वतः राबत होते आणि उत्पादनाच्या प्रत्येक टप्प्यावर कंपनीची देखरेख होती. तास मोकळे असणे हा निर्णायक मुद्दा नव्हता.

त्यानंतर थोड्याच वर्षांत नागपूरच्या विडी कारखान्याचा खटला आला. कामगार वाटेल तेव्हा येत, वाटेल तेव्हा जात, मजुरी विड्यांच्या संख्येवर, आणि खराब विड्या बाजूला काढल्या जात. तेही कारखान्याचे कामगारच ठरले. १९७३ मध्ये सिकंदराबादच्या शिलाई दुकानातले तुकड्यावर काम करणारे शिंपी. १९७८ मध्ये केरळातल्या दोरखंडाच्या कारखान्यातले, कागदोपत्री ठेकेदाराचे म्हणवले जाणारे मजूर. तेथे न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी कसोटी जवळजवळ एका वाक्यात आणली: श्रम ज्याच्या धंद्यासाठी होतात आणि ज्याने हात आखडता घेतला तर श्रमणाऱ्याची चूल विझते, तो मालक, मधले कागद दूर सारून पाहावे. १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याने तर घरी बसून विड्या वळणाऱ्या स्त्रियांनाही कर्मचारी मानले. सोलापूरची, सिन्नरची मंडळी हे वाचत असतील तर त्यांना मी नवे काही सांगत नाही.

हे सगळे विस्ताराने लिहिण्याचे कारण असे की, हा वाद आला की आपल्याकडील विद्वान थेट लंडनला जातात. १९ फेब्रुवारी २०२१ रोजी ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने उबरच्या चालकांना 'वर्कर' ठरवले, ते महत्त्वाचे आहेच. भाडे कंपनी ठरवते, कराराच्या अटी कंपनी लादते, फेऱ्या नाकारणाऱ्यावर कंपनी दबाव आणते, ताऱ्यांच्या गुणांवरून कंपनी शिक्षा करते आणि प्रवासी-चालक यांचा थेट संबंध जुळू देत नाही, ही त्या न्यायालयाची पाच निरीक्षणे. करारातील शब्द हे तपासाचे पहिले पान नव्हे, हेही त्यांनी स्पष्ट केले. नोव्हेंबर २०२५ मध्ये न्यूझीलंडच्या सर्वोच्च न्यायालयाने आणखी पुढे जाऊन आपल्यापुढे आलेल्या चालकांना कर्मचारीच मानले. पण हे तत्त्व आपण कोणाकडून उसने घेण्याची गरज नाही. आपल्याकडे ते त्यांच्यापेक्षा पासष्ट वर्षे आधी, मिठागरातल्या माणसाच्या निमित्ताने, मांडले गेले आहे.

आता थोडे अर्थशास्त्र. रोनाल्ड कोस यांचा १९३७ चा निबंध आमच्या पिढीच्या प्रत्येक विद्यार्थ्याने वाचलेला असे. बाजारात माणसे किमतीकडे पाहून हलतात, कंपनीच्या आत माणसे हुकमाने हलतात. कंपनी म्हणजे जेथे किमतीची जागा हुकूम घेतो ते क्षेत्र, असा त्याचा आशय. ॲपच्या समर्थकांना हा निबंध आवडतो, कारण त्यांच्या मते चालकाला कोणी हुकूम देत नाही, तो केवळ किमती पाहून आपला निर्णय घेतो. परंतु ती किंमत आली कोठून? संध्याकाळी सात ते दहा अमुक भागात इतक्या फेऱ्या केल्या तर इतका इन्सेन्टिव्ह, एक फेरी नाकारली तर तो गेला. हा बाजारभाव नव्हे. त्या चालकाकडून त्या तासात ते काम करून घेण्यासाठी एका बाजूने जाहीर केलेला, उद्या त्याच बाजूने बदलता येणारा आकडा आहे. हुकूम रुपयांत लिहिला तर तो हुकूमच राहतो. स्वतंत्र व्यापारी तो, जो भाव सांगतो, गिऱ्हाईक ओळखतो आणि वर्षानुवर्षांच्या सचोटीने पत कमावतो. येथे भाव दुसऱ्याचा, गिऱ्हाईकाचा क्रमांक झाकलेला, आणि चार वर्षांत मिळवलेले तारे दुसऱ्या कंपनीकडे नेता येत नाहीत.

याहून महत्त्वाची, पण कमी बोलली जाणारी गोष्ट म्हणजे रिकामा वेळ. प्रवाशाला बटण दाबल्यावर तीन-चार मिनिटांत गाडी हवी असते. ती तशी येण्यासाठी आसपास पाच-सात गाड्या रिकाम्या उभ्या असाव्या लागतात. या रिकाम्या गाड्या हाच कंपनीचा खरा माल. त्याच्या जोरावर ती प्रवाशाला तत्परता विकते. दुकानदाराच्या गोदामात माल पडून राहिला तर भांडवल अडकल्याचा भार दुकानदारावर पडतो. येथे मात्र गोदामाचे भाडे माल भरतो. चालक उन्हात काचा खाली करून बसलेला असतो, त्या तासांची किंमत शून्य. आणि ज्या देशात शेतीतून बाहेर पडणाऱ्या श्रमाला तोटा नाही, आर्थर लुईस यांनी १९५४ मध्ये ज्याचे वर्णन केले तो देश, तेथे कंपनीला नव्या गाड्या जोडण्याला कोणतीच मर्यादा वाटत नाही. प्रत्येक नवी गाडी प्रवाशाची प्रतीक्षा कमी करते आणि जुन्या चालकांची वाढवते. पहिल्याचा लाभ कंपनीला, दुसऱ्याचा खर्च चालकांना.

न्यूयॉर्क शहराने ही गोष्ट नेमकी हेरली. तेथील नगर परिषदेने ऑगस्ट २०१८ मध्ये अशा नव्या गाड्यांच्या परवान्यांवर मर्यादा आणली आणि टॅक्सी आयोगाने फेब्रुवारी २०१९ पासून चालकाला खर्च वजा जाता तासाला १७ डॉलर २२ सेंट मिळतील असे किमान मोबदल्याचे सूत्र लागू केले. गंमत त्या सूत्रात आहे. कंपनीच्या गाड्या जितका अधिक वेळ रिकाम्या फिरतील तितका प्रत्येक फेरीचा किमान दर वाढतो, म्हणजे रिकाम्या वेळेचा खर्च कंपनीच्या वहीत येतो. कंपन्यांनी यावरही तोड काढली आणि मंदीच्या वेळी चालकांना ॲपमध्ये शिरूच देईनात. नियामकाचे काम एका परिपत्रकाने संपत नाही, ते असे. पण दिशा बरोबर होती.

आपल्या संहितेने यातले काहीच हाताळलेले नाही. तिने दिला आहे तो कल्याण निधी. कलम ११४ नुसार कंपनीने वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम द्यायची, परंतु ती कामगारांना दिलेल्या वा देय रकमेच्या ५ टक्क्यांहून अधिक असणार नाही. ३० डिसेंबर २०२५ रोजी प्रसिद्ध झालेल्या नियमांच्या मसुद्यात लाभासाठी एका कंपनीकडे वर्षात ९० दिवस, किंवा अनेक कंपन्यांकडे मिळून १२० दिवस काम केल्याची अट आहे. निधीतून विमा मिळेल, काही औषधपाणी होईल. वाईट म्हणणार नाही. पण आयडी बंद झालेल्या माणसाला निधी काय देणार? भाडे कमी केल्यावर निधी काय करणार?

शिवाय त्या ५ टक्क्यांच्या मर्यादेत एक भगदाड आहे आणि कंपन्या त्या दिशेने चालूही लागल्या आहेत. गेल्या दोन-तीन वर्षांत 'शून्य कमिशन' हा शब्द वाचकांनी ऐकला असेल. कंपनी फेरीमागे कमिशन घेत नाही, चालकाकडून रोजचे ठरावीक शुल्क घेते, आणि भाडे प्रवासी थेट चालकाला देतो. २०२५ पर्यंत प्रमुख कंपन्यांनी रिक्षांसाठी आणि काहींनी टॅक्सींसाठीही ही पद्धत आणली. चालकांना ती आवडते, कारण हातात रोकड येते. परंतु आता पाहा. प्रवाशाने चालकाला थेट पैसे दिले तर कंपनीने चालकाला 'दिलेली वा देय' रक्कम किती? उद्या कोणी वकील उभा राहून म्हणेल, शून्य. आणि शून्याचे ५ टक्के किती होतात हे सांगण्यास अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. जीएसटीच्या बाबतीत हाच युक्तिवाद कर्नाटकच्या अग्रिम निर्णय प्राधिकरणापुढे झाला आणि वेगवेगळ्या ॲपना वेगवेगळी उत्तरे मिळाली.

येथे एक फरक करणे न्यायाचे आहे. बंगळुरूत नोव्हेंबर २०२२ मध्ये सुरू झालेले 'नम्म यात्री' घ्या. तेथे रिक्षाचे भाडे सरकारने ठरवलेले, पैसे थेट चालकाला, आणि ॲपचा संबंध गाठ घालून देण्यापुरता, अशी ती रचना. अशा ॲपला मी खुशाल मध्यस्थ म्हणेन. परंतु जी कंपनी रोजचे शुल्क घेऊन वर भाडेही स्वतःच ठरवते, तारे मोजते आणि आयडी बंद करते, तिने कमिशनला दुसरे नाव दिले एवढेच. कसोटी वसुलीच्या पद्धतीची नाही. भाडे कोण ठरवतो आणि कामावरून दूर कोण करतो, या दोन प्रश्नांची आहे.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्या मंडळींना सेमिनारांत एक वाक्य हमखास ऐकू येते, की राजस्थानचा २०२३ चा कायदा हा महाराष्ट्राच्या माथाडी कायद्याचा वारस आहे. अभिमान वाटतो, पण वाक्य अर्धेच खरे आहे. १९६९ च्या माथाडी कायद्यापुढेही हाच पेच होता. एक हमाल दिवसभरात दहा व्यापाऱ्यांची पोती उचलतो, मग त्याचा मालक कोण? कायद्याने तो प्रश्न बाजूला सारला, हमाल आणि व्यापारी दोघांचीही नोंदणी केली, आणि मंडळ मध्ये उभे केले. पण व्यापाऱ्याने मंडळात केवळ कल्याणाची लेव्ही नव्हे तर मजुरीदेखील भरायची होती. मजुरीचा दर, निधी, रजा, बोनस सगळे मंडळाच्या वहीत. राजस्थानने व्यवहारामागे १ ते २ टक्के शुल्क घेतले, कर्नाटकाने २०२५ मध्ये १ ते ५ टक्के घेतले आणि शिवाय काढून टाकण्यापूर्वी लेखी कारण व १४ दिवसांची सूचना बंधनकारक केली, ही खरी पुढची पायरी. मजुरीला मात्र कोणीच हात लावला नाही. माथाडी कायद्याची पुढे काय दशा झाली, खऱ्या हमालांच्या नावावर कोण जगू लागले, हे आपण जाणतो. तरी रचनेचा गाभा विसरण्याचे ते कारण नव्हे.

आक्षेप दोन आहेत आणि दोन्ही वजनदार. एक, चालकांनाच आठ तासांची नोकरी नको असते. खरे आहे. हैदराबादेत एका चालकाने मला स्वच्छ सांगितले, साहेब, कोणाची चाकरी करायची असती तर कर्ज काढून गाडी कशाला घेतली असती? पण त्याच माणसाने थोड्या वेळाने मोबाइल पुढे केला. माझ्या पडद्यावर जे भाडे होते आणि त्याच्या पडद्यावर जे होते, त्यांत मोठी तफावत होती. मी विचारले, हे कोणाला विचारता? तो हसला. त्याला चाकरी नको होती, हिशेब हवा होता. ब्रिटनमध्ये मार्च २०२१ पासून ७० हजारांहून अधिक चालकांना किमान वेतन, पगारी रजा व निवृत्तिवेतन लागू झाले आणि ॲप सुरू-बंद करण्याची मोकळीकही राहिली. लवचीकता आणि हक्क यांतून एकच निवडा, असे सांगणारे बहुधा दुसरेच काही विकत असतात. कॅलिफोर्नियात २०२० मध्ये कंपन्यांनी २० कोटी डॉलरहून अधिक खर्च करून हीच निवड मतदारांपुढे ठेवली आणि जिंकली.

दुसरा आक्षेप भाडे वाढेल, फेऱ्या घटतील, काही चालकांचे काम जाईल. जाईल. अर्थशास्त्र शिकलेला माणूस हे नाकारू शकत नाही. पण आजचे स्वस्त भाडे स्वस्त का आहे? सुरुवातीला फरक परदेशी गुंतवणूकदार सोसत होते, तेव्हा चालकांनाही इन्सेन्टिव्ह भरघोस मिळत आणि त्या आकड्यांवर विसंबून त्यांनी गाड्या घेतल्या. ते आटल्यावर फरक चालकाची झीज सोसते आहे, टायरची, इंजिनाची आणि पाठीच्या मणक्याची. फेब्रुवारी २०१७ च्या दिल्लीतील संपात आणि २०१८ मध्ये मुंबईत दोनदा झालेल्या संपांत चालकांचे मुख्य म्हणणे हेच होते. गाडी भाड्याने घेऊन चालवणारे चालक किंवा पाच-दहा गाड्यांचे मालक यांचे काय, असेही विचारतात. कंत्राटी कामगारांच्या कायद्याने १९७० पासून 'मुख्य नियोक्ता' ही कल्पना रुळवली आहे. तीच येथे पुरेशी आहे.

मग शासन कचरते का? माझा तर्क असा. कागदावरील नाव नव्हे तर प्रत्यक्ष काम पाहावे, असे एकदा म्हटले की तो आरसा आपल्याकडेही वळतो. अंगणवाडी सेविकांना आपण दशकानुदशके 'मानसेवी' म्हणत आलो, त्यांच्या वेतनाला मानधन. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुजरातमधील प्रकरणात त्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला, मानधन हे वेतनच आहे असे म्हटले. आशा सेविका आहेत, कंत्राटी डेटा एंट्री चालक आहेत. जे सरकार स्वतःच्या दारात ही भाषा वापरते, त्याला दुसऱ्याच्या दारात ती खोडणे अवघड जाते.

तरीही करण्यासारखे पुष्कळ आहे. संहितेच्या व्याख्येतील 'पारंपरिक' हा शब्द काढून, जी कंपनी भाडे ठरवते आणि काम थांबवू शकते तिच्याशी असलेला संबंध रोजगाराचा मानावा, आणि तसा तो नाही हे सिद्ध करण्याचा भार कंपनीवर टाकावा. युरोपीय संघाने २०२४ च्या निर्देशात असेच गृहीतक ठेवले आहे आणि सदस्य देशांना २ डिसेंबर २०२६ पर्यंतची मुदत दिली आहे. त्यासाठी संसदेत दुरुस्ती लागेल, वेळ लागेल. तोवर थांबण्याची मात्र गरज नाही. जुन्या कारखाना निरीक्षकाला हजेरीपट जप्त करावा लागे, आणि तो बहुधा खोटा निघे. येथे प्रत्येक चालकाचा प्रत्येक मिनिट कंपनीच्या सर्व्हरवर नोंदलेला आहे: केव्हा आत आला, किती वेळ रिकामा होता, प्रवाशाने काय दिले, त्याला काय मिळाले, आयडी केव्हा व कोणत्या कारणाने बंद झाला. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ९३ खाली परवाना देणारी राज्ये ही नोंद दरमहा चालकाला त्याच्या भाषेत आणि परवाना प्राधिकरणाला मागणी होताच देण्याची अट उद्यापासून घालू शकतात. त्यासाठी नव्या संहितेची वाट पाहावी लागत नाही. परिवहन आयुक्तांची अधिसूचना पुरते.